स्लॅबवर सोडलेल्या सळ्या

मागच्या महिन्यात कोल्हापूरला लागून असलेल्या पाचगावात एका नातेवाइकाच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पंगती उठल्या आणि पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींत तोच वाद सुरू झाला, जो हल्ली प्रत्येक बारशात आणि साखरपुड्यात होतो. सत्तरी ओलांडलेले एक काका म्हणाले, "आम्ही चटणी-भाकरी खाऊन घरं बांधली. तुम्हाला दर रविवारी तांबडा-पांढरा पाहिजे, लाखाचा मोबाईल पाहिजे, मग घर कशानं व्हायचं?" समोरच्या पोरांपैकी एकानं सुनावलं की तुमच्या काळात जागा मातीमोल होती, ती तुम्ही धरून बसलात आणि वर आम्हालाच शिकवताय. आवाज चढले, कुणाची तरी बायको मध्ये पडली. माझा भाचा एवढा वेळ गप्प होता. निघताना गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "मामा, चटणी-भाकरी मी पण खातो. प्लॉट कुठाय तेवढं सांगा."

त्या तासाभरात मुद्द्याचं वाक्य हे एकच होतं. बाकी सगळे एकमेकांच्या स्वभावावर भांडत होते. एकाला दुसरा उधळ्या दिसतो, दुसऱ्याला पहिला हावरा. पण कोणत्याही पिढीचा स्वभाव पंचवीस वर्षांत इतका पालटत नाही की घर बांधणाऱ्या बापाच्या पोटी घर न परवडणारा मुलगा यावा. माझं म्हणणं साधं आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी घर विकत घेतलं नव्हतं. त्यांनी ते बांधलं होतं, आणि तेही एका दमात नाही, पंधरा-वीस वर्षांत खोलीखोलीनं. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या: आवाक्यातला प्लॉट आणि कायमची नोकरी. दोन्ही गोष्टी आज तरुणांच्या हातून गेल्या आहेत. त्या गेल्या जमिनीच्या आणि नोकरीच्या धोरणामुळे. रविवारच्या मटणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. घराच्या हिशोबाची त्यांची एक लांबट वही अजून आमच्या कपाटात आहे. शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेत त्यांनी १९७९ साली दोन गुंठ्यांचा प्लॉट ६,२०० रुपयांना घेतला. तेव्हा त्यांचा पगार ५४० रुपये होता. पुढची दोन वर्षं वहीत फक्त जोत्याचा खर्च आहे: दगड, मुरूम, गवंड्याची हजेरी. मग "सिमेंट १२ पोती, परमिटचं" अशी नोंद येते, कारण तेव्हा सिमेंटसुद्धा परमिटवर मिळायचं. १९८२ साली ते नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ ला पूर्ण. आमच्या पहिल्या दोन खोल्या मंगलोरी कौलांच्या होत्या, संडास परसात, आणि आतून गिलावा व्हायच्या आधीच आम्ही राहायला आलो. स्लॅब टाकला १९८९ मध्ये. त्या दिवशी गल्लीतली आठ-दहा माणसं पाट्या उचलायला आपण होऊन आली आणि आईनं सगळ्यांना लापशी वाढली. स्लॅबच्या वर खांबांच्या सळ्या दोन-दोन फूट मोकळ्या सोडल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी, म्हणजे आम्हा पोरांसाठी. गंजू नयेत म्हणून वडील दर पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन त्यांना सिमेंटचं पाणी फासायचे.

आता या वहीशेजारी आजचा हिशोब मांडा. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, तेवढाच मोकळा प्लॉट ८५ लाखांना गेला. माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत डिझाईनचं काम करतो, हातात ३८,००० रुपये येतात. वडिलांना प्लॉटसाठी साडेअकरा महिन्यांचा पगार लागला. भाच्याला साडेअठरा वर्षांचा लागेल, तोही घरात एक रुपया खर्च न करता. यात काटकसरीला जागा कुठे आहे? प्लॉट सुटला म्हणून तो फ्लॅटकडे वळला. ४८ लाखांचा, दोन बेडरूमचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या रकमेच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देऊ शकते. म्हणजे ९ लाख ६० हजार स्वतःचे. इमारत बांधकामात असेल तर ५ टक्के जीएसटी, २ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीन लाखांच्या वर. हे पंधरा लाख आधी रोख उभे करायचे आणि मग ३८ लाख ४० हजारांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं दरमहा ३३,३०० रुपये हप्ता. पगार ३८,०००. बँकेच्या साहेबांनी आकडेमोड केली आणि फाईल परत दिली. त्याची बायको एका दवाखान्यात कंत्राटावर नर्स आहे, पण दर अकरा महिन्यांनी नव्यानं निघणारी ऑर्डर बँकेनं उत्पन्न म्हणून धरली नाही.

काकांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी टाळणार नाही. त्या पिढीनं सोसलं ते खरं सोसलं. आमच्या जोत्यात आईच्या पाटल्या आहेत, त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. तेव्हा घरासाठी कर्ज मिळवणं हीच एक लढाई होती. घरासाठी पैसा पुरवणाऱ्या संस्थांपैकी हुडको १९७० ची, एचडीएफसी १९७७ ची. पण कोल्हापूरच्या शाळामास्तरापर्यंत हे काही पोचलं नव्हतं. त्याला होती ती नोकरदारांची पतसंस्था आणि प्रॉव्हिडंट फंडाची उचल. व्याजही दणकून होतं. आज साडेआठ टक्क्यांना रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की नव्वदच्या दशकात १४-१५ टक्के दरानं लोकांनी घरकर्जं फेडली आहेत. शिवाय ते घर कसलं होतं? आजच्या तरुण जोडप्याला परसातला संडास आणि विनागिलाव्याच्या भिंती चालतील का? नाही चालणार. अपेक्षा वाढल्या आहेत, आणि हप्त्यावर दोन लाखांची मोटारसायकल घेऊन मग डाउन पेमेंटला पैसे नाहीत म्हणणारी पोरंही मी पाहिली आहेत.

तरीही हे मुद्दे एकेक करून तपासले की फार पुढे जात नाहीत. व्याजाचंच घ्या. वडिलांनी स्लॅबसाठी १९८९ साली पतसंस्थेचं ६०,००० कर्ज काढलं, १५ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. हप्ता ९६८ रुपये, पगार तेव्हा बाविसशेच्या आसपास. पहिली तीन-चार वर्षं घरात खरोखर ओढाताण होती, मला ती आठवते. पण पगाराला महागाई भत्ता जोडलेला होता, मध्ये पाचवा वेतन आयोग आला, आणि शेवटचा हप्ता फिटला तेव्हा पगार नऊ हजारांच्या घरात गेला होता. जो हप्ता सुरुवातीला पगाराचा चव्वेचाळीस टक्के गिळत होता, तो शेवटी अकरा टक्क्यांवर आला. महागाईनं त्यांचं कर्ज खाल्लं. हे भाग्य फक्त त्यालाच लाभतं ज्याचा पगार महागाईबरोबर आपोआप वाढतो. कंत्राटी माणसाला बहुधा महागाई भत्ता नसतो. त्याच्या बाबतीत महागाई हप्ता सोडून बाकी सगळं खाते.

नोकरीचा हा मुद्दा चर्चेत नेहमी सुटतो, म्हणून थोडा थांबतो. माझ्या वडिलांच्याच खुर्चीवर आज जो बसेल त्याला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. ही पद्धत २००० साली आली. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन अनेक वर्षं ६,००० होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही, म्हणजे म्हातारपणासाठीही त्याला पगारातून पैसे बाजूला टाकावे लागतात. तीन वर्षांनी पगार सुधारतो हे खरं. पण त्या भरतीचीच वाट बघत तिशी गाठलेले डीएड झालेले तरुण तुम्हाला जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात भेटतील. कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर, शिकवणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. वीस वर्षांचा हप्ता घ्यायला वीस वर्षांची नोकरी दिसावी लागते. ज्याला पुढचा जून दिसत नाही, त्याला आपण २०४५ पर्यंतच्या कर्जावर सही करायला सांगतो आहोत.

आणि हॉटेल-मोबाईल? हिशोब करूनच टाकू. महिन्याला चार हजारांचा सगळा चैनीचा खर्च तोडला, ते पैसे दहा वर्षं सात टक्क्यांनी ठेवले, तर सुमारे सात लाख होतात. वर सांगितलेल्या पंधरा लाखांच्या निम्मेसुद्धा नाहीत, आणि दहा वर्षांत तो फ्लॅट ४८ लाखांवर थांबणार नाही. राहता राहिली अपेक्षांची गोष्ट. घर लहान चालेल, कौलारू चालेल, गिलावा नंतर करू, असं म्हणणाऱ्या तरुणाला आज ते घर बांधायला जागा कोण देतं? विनागिलाव्याचा अर्धा फ्लॅट कुणी विकत नाही. अपेक्षा कमी ठेवण्याची सोयच शिल्लक नाही. आणि अपेक्षा नेमक्या कुणाच्या, हेही विचारू या. मुलगी बघायला जाताना "मुलाचं स्वतःचं घर आहे का?" हा पहिला प्रश्न कोण विचारतं? बायोडाटात "कोल्हापुरात स्वतःचा फ्लॅट" ही ओळ नसेल तर तो कागद पुढे न सरकवणारी माणसं वयाची साठी ओलांडलेलीच असतात. भाड्याच्या घरातल्या मुलाला मुलगी द्यायची नाही आणि कर्ज काढून फ्लॅट घेतला तर "आम्ही कर्जाशिवाय केलं" असं ऐकवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं कशा बोलता येतात? लग्नात वाजवून दहा-बारा लाख खर्च करायचा निर्णयही नवरा-नवरीचा क्वचितच असतो.

"पुण्यापेक्षा कोल्हापूर स्वस्त आहे" हा आणखी एक ठेवणीतला दाखला. भाव पुण्यापेक्षा कमी आहेत, मान्य. पण पगारही आहेत ना? उद्यमनगरातला टर्नर, शिरोलीच्या फाउंड्रीतला सुपरवायझर, लक्ष्मीपुरीत हिशोब लिहिणारा माणूस यांच्या पगारावर इथल्या जमिनीचा भाव ठरत नाही. तो ठरतो बाहेरून येणाऱ्या आणि साठून राहिलेल्या पैशावर: पुण्यात किंवा परदेशात कमावून इथे गुंतवणाऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, दुसरा-तिसरा प्लॉट घेऊन ठेवणाऱ्याच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेली ती गोष्ट अभिमानाचीच आहे. पण त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या दोन प्लॉटवाल्यांनी भाव वाढवून सांगायला सुरुवात केली, तेही मी ऐकलं. पोरं याचं उत्तर पायांनी देतात. ती हिंजवडीला जातात. नागाळा पार्कात आणि रुईकर कॉलनीत संध्याकाळी फिरून बघा, किती बंगल्यांत खालच्या एका खोलीतच दिवा दिसतो.

सगळ्यात वजनदार मुद्दा वारशाचा आहे. आता घरटी एक-दोनच मुलं; आजी-आजोबांची, आई-बापांची घरं शेवटी त्यांच्याकडेच येणार, मग रडायचं कशाला? मी यावर बराच विचार केला, कारण मी स्वतः त्याचा लाभधारक आहे. मला घरासाठी एकही हप्ता भरावा लागला नाही. वडिलांनी बांधलं, मी राहतो. पण वारसा मिळतो कधी? पुष्कळ माणसं आता ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगतात, जगोत. म्हणजे मुलाला घर मिळणार पन्नाशीनंतर, त्याचीच मुलं कॉलेजात गेल्यावर. आणि मिळतो कुणाला? ज्याच्या बापानं बांधलं होतं त्याला. शाहूपुरीत किंवा मंगळवार पेठेत जुन्या वाड्यात भाड्यानं राहिलेल्याच्या मुलाला काय मिळणार? म्हणून हा वाद म्हातारे विरुद्ध तरुण असा मांडणंच चूक आहे. त्या पिढीतही कित्येक माणसांना स्वतःचं घर नव्हतं, त्यांची नावं या पंगतीत कुणी घेत नाही. वारशावर सोडून दिलं तर एका पिढीतला फरक पुढच्या पिढीत दुप्पट होतो. आणि आपल्याकडे वारसा म्हणजे मुलगे. वडील गेल्यावर माझ्या बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली, जशी घरोघरी बहिणी करतात. कायदा तिच्या बाजूनं होता. तिला कुणी दटावलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. तीस वर्षं ती भाड्याच्या घरात राहते. पार्किंगमध्ये गप्प बसलेला तो भाचा तिचाच मुलगा.

मग करायचं काय? हे शहर कसं वाढलं ते आठवलं तरी दिशा सापडते. शाहू महाराजांच्या काळात खेड्यातल्या हुशार मुलाला कोल्हापुरात शिकायचं होतं, पण राहायला जागा नव्हती. महाराजांनी त्याला काटकसरीवर व्याख्यान दिलं नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच सुमाराला जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागेची अडचण ही त्या मुलाची खासगी अडचण न मानता राज्याचं काम मानलं गेलं. शाहूपुरी १८९५ ला वसवली ती गुळाचा व्यापार वाढावा म्हणून. १९१७ ला जयसिंगपूर वसवलं ते कागदावर रस्ते आखून. पुढची राजारामपुरी तशीच, नंबराच्या सरळ गल्ल्यांची. आधी आखणी, मग वस्ती. ज्या गृहनिर्माण संस्थांत आपल्या बापांना प्लॉट मिळाले त्याही आकाशातून पडल्या नव्हत्या. सहकाराचा कायदा, सरकारी जागा, बिनशेतीची परवानगी हे सगळं त्यांच्या मागे उभं होतं.

आणि आपण काय केलं? १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि हद्द तिथेच राहिली. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाख माणसं होती. खरं शहर केव्हाच पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीत जाऊन पोचलं आहे. हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची भीती मला खोटी वाटत नाही. घरफाळा वाढेल, शेतं आरक्षणात जातील, आणि आहे त्या शहरालाच धड सुविधा मिळत नाहीत, हे सगळं ते अनुभवातून बोलतात. २०१७ ला तोडगा म्हणून ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. पण आखणीच्या आधी गुंठेवारी पुढे गेली. उसाच्या रानात दहा फुटांचा रस्ता सोडून प्लॉट पडले, ड्रेनेज नाही, बाग नाही, आणि भाव मात्र शहराचा. जिथे स्वस्त मिळतं तिथे पंचगंगा दारात येते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. पूररेषेच्या आत फसलेला खरेदीदार बहुतेक वेळा पहिल्यांदाच घर घेणारा तरुण असतो, कारण त्याला परवडणारं तेवढंच असतं.

नगररचना योजनेची सोय १९६६ च्या कायद्यातच आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते-गटारीसाठी भाग काढायचा आणि प्रत्येकाला लहान पण किमतीचा, रस्त्यावरचा तुकडा परत द्यायचा. सगळी जमीन काढून घेतली जात नसल्यानं गावांच्या भीतीलाही त्यात उत्तर आहे. अशा योजनेतला ठरावीक हिस्सा एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटसाठी ठेवा, तो पहिलं घर बांधणाऱ्यालाच आणि संस्थेमार्फतच द्या, पंधरा वर्षं विकायला बंदी घाला. बँकांनी खोलीखोलीनं बांधणाऱ्याला टप्प्याटप्प्यानं कर्ज द्यावं. गाजरगवत माजलेल्या मोकळ्या प्लॉटवर घरफाळा असा लावा की तो नुसता धरून ठेवणं जड जाईल. याची झळ माझ्याच ओळखीच्या अनेकांना बसेल, हे मला माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाख घरं रिकामी आढळली होती. एकीकडे कुलूपबंद घरं आणि दुसरीकडे अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी टेम्पोत भांडी भरणारी जोडपी, यात पोरांची उधळपट्टी कुठे बसते?

एका घरानं काही केलं म्हणून शहराचा प्रश्न सुटत नाही. तरी त्या वास्तुशांतीवरून आल्यावर मी गच्चीवर गेलो. सळ्या अजून आहेत, दोन खांबांवरच्या बुडाशी गंजून बारीक झाल्या आहेत. वडील गेल्यापासून त्यांना सिमेंटचं पाणी कुणी लावलं नाही. पुण्याच्या भावाला फोन केला, त्याची हरकत नाही. येत्या रविवारी इंजिनिअर येणार आहे, जुने खांब अजून एक मजला पेलतील का ते बघायला. बहिणीलाही त्याच दिवशी बोलावलं आहे, येताना हक्कसोडाची तिची प्रत घेऊन ये म्हणून सांगितलं आहे.